कानबाईचे डोळे

देवाचं काम आपल्या हातून होईल का, या शंकेने गेल्या श्रावणात मला फार छळलं. तरुणपणी खानदेशातल्या आमच्या गावी मी देवळांच्या भिंतींवर चित्रं काढायचो. पोटासाठी सुरतेला आलो, कापडाच्या लूमवर लागलो आणि कुंचला सुटला तो सुटलाच. सगळी उमेदीची वर्षं त्या खडखडाटात गेली. आता काम सोडून सुरतेतल्याच डिंडोलीत घरी बसलो, हौसेने रंग आणले, तर हात थरथरायला लागला. चार कागद फाडले आणि रंगांची पेटी माळ्यावर फेकली. उगाच बायकोवर डाफरायचो.

तेवढ्यात आमच्या खानदेशी देवीचा, कानबाईचा सण आला. आम्ही नारळालाच आई मानतो, त्यावर नाक-डोळे रेखून तिची स्थापना करतो. शेजारच्या वहिनींकडे हे काम त्यांचे दीर करायचे, पण ते कायमचे गावी परतले होते. माझ्या बायकोने परस्पर माझं नाव सांगून टाकलं! वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "भाऊ, औंदा आईनं तोंड तुम्हीच काढा." त्यांनी सुनेच्या सुखरूप बाळंतपणासाठी नवस बोललेला. त्यातून त्यांच्या घरची रीत अशी, की एकदा रेखलेला डोळा पुसायचा नाही. पुसला तर आईने पाठ फिरवली, असं मानतात. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

स्थापनेच्या सकाळी मी नारळ मांडीवर घेऊन बसलो. मला त्रास नको म्हणून वहिनींनी पोरांना बाहेर पिटाळलं, टीव्ही बंद केला. घर चिडीचूप झालं आणि माझा हात जास्तच कापू लागला. मनात म्हटलं, आई, माझ्याच्याने होत नाही, आता तूच बघ.

एक म्हातारी दर्शनाला म्हणून आत आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "घाबरू नको भाऊ. तू तुनं काम कर, मी मनं करस." आणि कोपऱ्यातल्या जात्याशी बसून नैवेद्याच्या रोटांचे गहू दळू लागली. घरघर सुरू झाली, बसल्या जागी फरशी हादरू लागली. जन्मभर लूमच्या आवाजात तुटल्या धाग्यांना गाठी मारलेले हे हात. ते ओळखीच्या घरात आल्यासारखे शांत झाले. कुंचला टेकवला. दोन्ही डोळे एका दमात उतरले.

मान वर केली तेव्हा जात्याशी कोणी नव्हतं. वहिनींना वाटलं ती आमच्याकडची पाहुणी, आम्हाला वाटलं त्यांची. कोण होती, मी शोधत बसलो नाही. वहिनींची सून पुढे सुखरूप बाळंत झाली.

हात माझा अजूनही थरथरतो. ज्या आवाजाने माझी कला हिरावली असं मी आयुष्यभर म्हणत आलो, त्याच आवाजात आईने ती सांभाळून ठेवली होती. तिच्यावर भार टाकायला मला उशीर झाला, एवढंच. आता मी रंग काढून बसलो की बायको शिलाई मशीनची घरघर सुरू करते.