पहिल्यापासून नको

पेटी शिकायची हौस मला कधीच नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे लोक म्हणायला लागले की हिला लहानपणापासून संगीताची ओढ. कसली ओढ! रोह्याला आमच्या आळीत महिला भजनी मंडळ होतं. त्यात पेटी वाजवणाऱ्या काकू मुलाकडे ठाण्याला राहायला गेल्या आणि जाताना मंडळाची पेटी आमच्या ओटीवर ठेवून गेल्या. मंडळाची मुख्य गाणारी माझी आई. आईने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या रविवारांची वाट लागली.

नाही म्हणायची सोय नव्हती. पुरुषांच्या मंडळातला पेटीवाला आमच्याकडे वाजवायला एका पायावर तयार होता. एका एकादशीला येऊन बसलाही. आपली उंच पट्टी त्याने सोडली नाही, लय अशी चढवली की बायकांच्या टाळांची त्रेधा उडाली, आणि आईचा आवाज मधेच फाटला. तिला तेव्हा नुकता दमा लागला होता. घरी आल्यावर तिने टाळ फडक्यात गुंडाळले आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर टाकले.

"तो वाजवणार असंल तर मी भजन नाय म्हणणार. चालवा तुमचं तुमी," ती म्हणाली. समोर मी एकटीच होते, पण बोलली सगळ्या आळीला.

वडील गेल्यापासून आई घरात कामापुरतं बोलायची. तिचा मोकळा आवाज ऐकू यायचा तो फक्त भजनात. गोकुळाष्टमीच्या सप्ताहात देवळात दुपारची वेळ बायकांची असे आणि त्यात आईचा एक ठरलेला अभंग असे. तोवर मला तो तिच्या पट्टीत वाजवता आला नाही तर टाळ वरच्या फळीवरच राहणार आणि घरातला तो एक आवाजही जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून बसले पेटीपुढे. आनंदाने नव्हे.

काकूंकडून जाता जाता सूर तेवढे समजून घेतले होते, बाकी ऐकून ऐकून चाल बसवली. पेटीही अशी मिळाली होती की विचारू नका. पावसाळी हवेने तिची एक पांढरी पट्टी फुगायची. दाबली की खाली जाऊन बसायची आणि सांगितल्याशिवाय वर यायची नाही; तोवर तो सूर कंपनीच्या भोंग्यासारखा चालूच. त्यात भाऊ कंपनीत शिफ्टला. त्याची नाइट असली की दिवसा घरात भांडं आपटायची चोरी, मग पेटी कुठली वाजवणार? तो उठायचा तेव्हा मी ऑफिसात, मी यायची तेव्हा तो जायच्या गडबडीत. त्यातून वेळ काढून मी रोज नेटाने बसत होते, आणि महिना झाला तरी अभंग होता तिथेच होता.

कारण आमच्या घरचा कायदा. लहानपणी दिवेलागणीला आई आम्हाला पाढे आणि श्लोक म्हणायला बसवायची. मधे अडखळलं की पहिल्यापासून. शेवटच्या ओळीला अडखळलं तरी पहिल्यापासून. अर्धवट म्हटलेलं देवाला पोचत नाही, असं तिचं ठाम मत. पाढेसुद्धा देवाला कशाला पोचवायचे ते मला आजही कळलेलं नाही. पुढे कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट झाले तर तिथे तेच. कॉम्प्युटर अजून यायचे होते. तीन कार्बन लावून टाइप केलेल्या कागदाच्या तळाशी एक अक्षर चुकलं तरी साहेबांना खाडाखोड चालायची नाही. नवे कागद घालायचे आणि पहिल्यापासून.

तेव्हा पेटीवरही तसंच. धृपद वाजवायची, पहिला चरण, दुसरा चरण, तिसऱ्याच्या तोंडाशी बोट अडखळायचं, की परत धृपद. त्या धृपदाला मी इतकं घोटलं की झोपेतही चुकले नसते. तिसऱ्या चरणापाशी मात्र रोज नव्याने ठेच. आणि शेवटचा चरण? त्याच्यापर्यंत पोचेतो भाऊ उठून ओरडायचा किंवा माझी ऑफिसची वेळ व्हायची.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने पेणच्या एका बाईंचं नाव सुचवलं. शाळेतून निवृत्त झालेल्या, तोंडाने फटकळ, पण पेटी शिकवणाऱ्या. एका रविवारी सकाळची पॅसेंजर पकडून गेले. रोह्याच्या माणसाला कारखाना म्हटलं की चिमणी आणि वास आठवतो. पेणला कारखाना म्हणजे गणपतीचा. बाईंच्या दिरांचा कारखाना घरातच होता आणि आषाढात तो ओसंडून बाईंच्या शिकवायच्या खोलीत शिरला होता. तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर शाडूचे कच्चे गणपती वाळत बसलेले. मधे सतरंजीएवढी जागा, तिथे पेटी.

घाम पुसत मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. "एका अंगाने वारा लागला की मूर्ती तडकतात. खिडकीपण नको. वाजव."

वाजवलं. धृपद इतकं झोकात वाजवलं की बाई खूश झाल्या असतील असं वाटलं. तिसऱ्याच्या तोंडाशी अडखळले, सवयीने परत धृपद घेतलं. पुन्हा तिथेच अडखळले, पुन्हा धृपद. तेव्हा बाईंनी पुढे होऊन भाता हाताने दाबून धरला. पेटी चिरकली आणि गप्प झाली.

"कुठे चुकलीस?"

"तिसऱ्या चरणात."

"मग पहिल्याशी तुझं काय काम आहे?"

मी आपलं घरचं सांगायला लागले, की श्लोक म्हणताना चुकलं तर आमच्यात...

"ते श्लोकांचं. इथे पहिल्यापासून नको. तिथनंच घे."

तिथनं म्हणजे कुठनं, हेही मला नीट सांगता येईना. बाईंनी मला एकेक सूर करून मागे नेलं. तेव्हा सापडलं की तिसरा चरण मला येत होता. धृपद तर येतच होतं. दर चरणानंतर धृपद परत येतं, त्याचा शेवट खाली होतो आणि तिसरा चरण एकदम वर उचलतो, त्या उडीत माझं बोट उशिरा पोचत होतं. चूक होती ती एवढीच, आणि तिच्यासाठी मी महिनाभर सबंध अभंग दळत होते. मला स्वतःचा इतका राग आला की रडूच यायचं बाकी राहिलं.

कोपऱ्यात बाईंचे दीर एका मूर्तीच्या खांद्यावर ओला शाडू भरत होते. खांद्यापाशी केसाएवढी तड गेली होती.

"तो हात वेगळ्या साच्यातला," बाई म्हणाल्या. "मागून जोडलेला. तड जाते ती सांध्यात. आता हे काय करतात बघ. सबंध गणपती मोडून पहिल्यापासून करतात का? का नुसतं पोट घासत बसतात, ते छान गुळगुळीत आहे म्हणून? तू महिनाभर पोट घासते आहेस."

दीर मान वर न करता हसले. मला हसू आलं नाही.

पुढचा सबंध वेळ मी चार सूर वाजवले. उडीच्या आधीचे दोन, नंतरचे दोन. तेही इतके सावकाश की चुकायची इच्छा झाली तरी जमू नये. जरा लय वाढवली की बाई भाता धरायच्या. "घाईघाईत चुकीचं वाजवलंस तर बोटं चूकच पाठ करतात. बोटांना अक्कल नसते, ती तुला वापरायची आहे." पुढच्या रविवारपर्यंत एवढंच वाजवायचं, वेळ मिळेल तेव्हा थोडं थोडं, आणि कंटाळा आला की उठायचं, असं सांगून त्यांनी मला वाटेला लावलं. चार सुरांसाठी मी सगळा रविवार घालवला होता!

परतीच्या गाडीत तेच चार सूर पर्सवर बोटांनी वाजवत बसले होते. निडी स्टेशनला रानभाजीची टोपली घेऊन चढलेली एक बाई बराच वेळ बघत होती.

"बोटांना काय झालंय गो तुझ्या?"

"काय नाय. पेटी शिकते."

"मग पेटी कुठं हाय?"

"घरी."

तिने मायेने मान हलवली आणि टोपली उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

घरी तर कहर झाला. सकाळी ऑफिसला जाण्याआधी जरा वेळ, संध्याकाळी भाऊ बाहेर पडला की जरा वेळ, तेच चार सूर. एकदा भाऊ पांघरुणातून ओरडला, "अगो, पुढचं तरी वाजव एकदा, नायतर पेटी कुंडलिकेच्या पाण्यात टाकून येतो!" शेजारच्यांनी पेटी बिघडली का म्हणून चौकशी केली. पण दुसऱ्या रविवारी बाईंपुढे ती उडी साफ गेली. मग त्यांनी नवंच काढलं. शेवटचा चरण आधी पक्का करायचा, मग त्याच्या आधीचा त्याला जोडायचा, आणि असं मागे मागे धृपदापर्यंत यायचं, म्हणजे वाजवताना जसं पुढे जाऊ तसं ओळखीचं लागत जाईल. मला ते पटलं. आईचं मात्र डोकं फिरलं.

"उलटा अभंग? अशी थेरं कुठं बघितली नव्हती," ती म्हणाली. "अर्धवट म्हटलेलं देवाला पोचत नाय."

"देवाला नाही गं, बोटांना पोचवते आहे."

"मग बोटांचंच भजन कर तू."

ती माझ्याबरोबर म्हणायला बसायची, पण पहिल्यापासूनच. तिसऱ्या चरणाशी आलं की तिला धाप लागायची, खोकला यायचा. पाणी प्यायची आणि परत धृपद. पुन्हा तिसऱ्याशी दम संपायचा. मग हाताने पेटी मिटायची खूण करून आत जायची. हे रोज. तिच्याकडे श्वास मोजका उरला होता आणि तोही ती पहिल्या ओळीवर उधळत होती. मला तिची दया येत होती आणि त्याहून जास्त राग येत होता.

"अगं, तिसऱ्यापासून धर ना एकदा! पहिलं तुला येतं," मी एकदा ओरडलेच.

"तू मला शिकवू नको म्हणायला. तू जन्मायच्या आधीपासून म्हणते मी."

अष्टमीच्या दुपारी देवळात पेटीपुढे बसले तेव्हा हवा दमट होती आणि ती पांढरी पट्टी आधीच फुगलेली. पुरुषांच्या मंडळाचा पेटीवाला खांबाला टेकून हाताची घडी घालून बसला होता. वरच्या फळीवरचे टाळ आईने खाली काढले होते, पण चेहरा असा की परत ठेवायला वेळ लागणार नाही.

धृपद झालं. पहिला चरण, दुसरा चरण. आईचा आवाज लागला होता आणि मला थोडं बरं वाटायला लागलं होतं. तिसऱ्यासाठी तिने श्वास घेतला तो अर्ध्यातच अडकला. खोकल्याची उबळ आली. बायकांचे टाळ चालू राहिले, मग एकेक ढिला पडायला लागला. आईने माझ्याकडे पाहून बोट फिरवलं. पहिल्यापासून. खांबाशी बसलेला पेटीवाला गुडघ्यांवर पुढे सरकला.

मी आईला मान हलवून नाही म्हटलं. सगळ्या आळीसमोर, देवासमोर. आणि ते चार सूर वाजवले. सावकाश. ती नुसती बघत राहिली. मी परत वाजवले, परत वाजवले, टाळ पुन्हा धरला गेला, आणि ते सूर थांबतील ही आशा सोडून दिल्यासारखी आई तिसऱ्या चरणावर चढली. आवाज बारीक होता, पण दम नवा होता. तिसरा झाला, आणि शेवटचाही तिने सबंध म्हटला. ती पांढरी पट्टी शेवटी अडकलीच, पण गजराच्या गलक्यात ते कुणाला कळलं नाही. पेटीवाला केव्हा उठून गेला ते मी पाहिलं नाही.

कौतुक होईल असं वाटत असेल तर आमची आई तुम्हाला माहीत नाही. घरी येईपर्यंत ती बोलत होती.

"देवासमोर मान हलवतेस? माझ्यावर? चुकलं की पयल्यापासून घेतात, येवढी रीत नाय ठाऊक तुला?"

"पहिल्यापासून घेतलं असतंस तर शेवटापर्यंत पोचली असतीस का?"

तिने टाळ फडक्यात गुंडाळले आणि देव्हाऱ्याखालच्या कोनाड्यात ठेवले, हाताशी. मीही विषय वाढवला नाही, कारण भांडायचं त्राण राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ नाइट करून येऊन झोपला होता. मी ऑफिसला निघाले, उंबऱ्याशी चपला घालत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. भाऊ उठू नये म्हणून अगदी हळू. तिसरा चरण. त्याच्या आधी धृपद नाही, काही नाही. अर्ध्या ओळीत खोकल्याची उबळ आली आणि ती थांबली. आता ही जाणार पहिल्या ओळीवर, या धास्तीने मी एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन तशीच उभी राहिले. आत भांडं हललं, पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला. मग तिने दम घेतला आणि तिथनंच उचललं.