शिक्षा : तीन महिने, बल्लारी

ते प्रकरण आजही माझ्या मनातून गेलेलं नाही. साठच्या दशकात बंगळूरला मी पोलीस खात्यात नवी होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी. म्हणून नोकरीच्या उमेदवारांची चारित्र्य पडताळणी माझ्याकडे आली. अर्ज इंग्रजीत असत आणि माणसांशी फारसं बोलावं लागत नसे.

एके सकाळी निनावी पोस्टकार्ड आलं. सरकारी कारखान्यात टर्नर म्हणून निवडलेला चामराजपेटचा एक इसम चोर आहे, एवढाच मजकूर. जुनी रजिस्टरं काढली, नोंद सापडली. अकरा वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी, यशवंतपूरच्या गोदामातून तांब्याची तार चोरल्याबद्दल तीन महिने कैद. अर्जात मात्र, ‘पूर्वी गुन्हा सिद्ध झाला आहे का?’ यापुढे ‘नाही’ टाइप केलेलं.

जुना गुन्हा कारखाना एखादे वेळी पोटात घाली. लपवलेला कधीच नाही. सरकारी नोकरी कायमची गेली असती.

त्याला बोलावलं. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

“खोटं का लिहिलंस?” आमचे इन्स्पेक्टर कन्नडमध्ये गरजले.

“सांगितलो होतो, स्वामी.”

“कुणाला? भिंतीला?”

खोटं बोलणारा सहसा खुलासे देत सुटतो. हा गप्प झाला. मी अर्ज पुन्हा वाचला. शिक्षणाच्या रकान्यात, शाळेच्या नावाखाली, एक ओळ होती : तीन महिने, बल्लारी.

इन्स्पेक्टर हसले. “बरं! बल्लारीत कुठलं कॉलेज रे?”

मला हसू आलं नाही. रजिस्टरातल्या नोंदीप्रमाणे त्यानं कैद बल्लारीलाच भोगली होती. मी मराठीत विचारलं, “अर्ज कुणी भरला?”

“कँटोनमेंटातला टायपिस्ट, अक्का. हिंदीवाला. त्यानं विचारलं, ‘शिक्षा?’ मी म्हटलो, तीन महिने, बल्लारी. लाज वाटली, तरी म्हटलो.”

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. टायपिस्टानं विचारलं होतं एक, यानं कबूल केलं होतं दुसरं.

टायपिस्टाला आणलं. गुन्ह्याचा प्रश्न त्यानं विचारलाच नव्हता. “सबका ‘नो’ ही होता है, मेमसाब.”

लपवल्याचा आरोप गेला. गुन्हा मात्र आता अहवालात स्पष्ट लिहावा लागणार होता.

“खरं कळल्यावर तरी घेतील काय, अक्का?”

अहवालात कलम, तारीख, शिक्षा, असे रकाने होते. ते भरले, त्याच्या मालकाकडे चौकशी केली आणि खाली लिहिलं : सुटल्यापासून एकाच वर्कशॉपमध्ये कामाला, एकही तक्रार नाही.

“हे कुणी विचारलंय?” इन्स्पेक्टर म्हणाले.

“कुणीच नाही, सर.” ओळ मी खोडली नाही. त्यांनी सही केली.

पुढचे दीड महिने टपाल आलं की मी आधी कारखान्याचं पाकीट शोधी. अखेर कळलं, एक वर्षाच्या प्रोबेशनवर घेतलं त्याला.

गुन्ह्यासाठी आमच्या फॉर्मात तीन रकाने होते; नंतरच्या अकरा वर्षांसाठी एकही नव्हता. निवृत्त होईपर्यंत प्रत्येकाची अशी वर्षं मी खाली हातानं लिहीत राहिले.