उल्हास तळ्यावर का जायचा

उल्हास मोघेबद्दल जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या मराठी मंडळात कुणालाही विचारा. माणूस आधी बायको जवळ आहे का ते बघेल आणि मग आवाज खाली आणून सांगेल, "तो होय? तो नागड्यांच्या तळ्यावर जायचा." बास, संपला उल्हास. इतकी वर्षं या गावात राहिला, गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या तपासण्यात जन्म घालवला, ज्याच्या त्याच्या घरबदलीला सोफे उचलायला हजर राहिला, आणि माघारी उरलं ते एवढंच. हे ऐकलं की माझं अजून डोकं फिरतं. म्हणून एकदा नीट सांगून टाकतो.

मी जयंत, मूळचा कोल्हापूरचा आणि तोंडाळ. तो मिरजेचा, पोटातलं ओठावर न येऊ देणारा. आम्ही दोघं एकाच वेळी इथे आलो आणि सुरुवातीला एकाच फ्लॅटमध्ये राहिलो. त्या फ्लॅटच्या बाथरूमची कडी नीट लागत नसे. एका सकाळी मी घाईत दार ढकललं, तर उल्हास आरशासमोर उघडा उभा होता. पाठीवर, छातीवर, पोटावर कातडीचा रंगच गेलेला. मोठाले पांढरे चट्टे, मांडीपर्यंत उतरलेले. कोड.

तो ओरडला नाही. टॉवेल ओढून घेतला आणि म्हणाला, "दार लाव." संध्याकाळी दोन कप चहा करून माझ्यासमोर बसला. म्हणाला, "स्वरूपाची शपथ घे. मी आहे तोवर हे कुणाला कळता कामा नये."

स्वरूपा म्हणजे त्याची धाकटी बहीण, मिरजेला मामाकडे राहणारी. आईवडील गेले तेव्हा ती शाळेत होती. आपल्याकडे भावाच्या अंगावर कोड आहे म्हटलं की बहिणीचं स्थळ उंबऱ्यावरूनच परत जातं. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही, त्यानं माणूस मरत नाही, हे सगळं डॉक्टर सांगतो आणि आपण मान डोलावतो, आणि घरी येऊन म्हणतो, पण मुलीच्या घराण्यात नको बाई. उल्हासनं स्वतःच्या लग्नाचा विषय चट्टे दिसले त्या दिवसापासून बंद केला होता. बहिणीचं होईपर्यंत झाकून ठेवायचं, एवढा एकच हिशेब त्यानं मांडला होता. मी शपथ घेतली.

झाकणं म्हणजे काय ते मी पुढे बघितलं. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं. मंडळाची पोहण्याची सहल असली की याला ऑफिसचं काम निघायचं. गणपतीत पूजेला बसायची पाळी आली, आणि आता सोवळं नेसून उघड्या अंगानं बसावं लागणार असं दिसलं, की याला हटकून ताप भरायचा. लोक चिडवायचे, "मोघे देवालाही टाळतात." तो हसायचा. मला त्या हसण्याचा राग यायचा. मी म्हणायचो, "अरे, एकदा शर्ट काढ आणि मार सगळ्यांच्या तोंडावर." तो म्हणायचा, "तुला बहीण नाही."

मग त्याच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला थोडं थोडं ऊन घ्यायला सांगितलं. आता ऊन घ्यायचं कुठे? गच्ची नाही, अंगण नाही, खिडकीसमोर शेजाऱ्यांची खिडकी. गावाबाहेर डोनाऊ नदीच्या बाजूला खडी काढून झालेल्या जुन्या खाणीत पाणी साठून तळं झालंय. त्याच्या पलीकडच्या टोकाला, झुडपांच्या आड, एक पाटी आहे: एफकेके. म्हणजे तिथे कपडे न घालता पोहायचं, लोळायचं. जर्मन माणसाला त्यात काही विशेष वाटत नाही. आजोबा-आजी पाठीवर पिशवी टाकून येतात, टॉवेल अंथरतात, कपडे काढून नीट घडी करून ठेवतात आणि शब्दकोडी सोडवत बसतात. दुसऱ्याकडे टक लावून बघणं हा तिथला सगळ्यांत मोठा असभ्यपणा. आपला देशी माणूस तिथे मेला तरी फिरकणार नाही, म्हणून उल्हासला ती जागा सुरक्षित वाटली.

पहिल्या दिवशी तो पाटीपाशीच बराच वेळ थांबला आणि परत आला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा एका कोपऱ्यात टॉवेल टाकून पालथा पडून राहिला, डोळे घट्ट मिटून. बाजूला एक म्हातारी होती, एक स्तन कापून काढलेली. तिनं जरा वेळानं हाक मारली. उल्हासला वाटलं, आता हाकलणार. ती म्हणाली, "अहो, ते पांढरं आहे तिथे तुम्ही भाजाल." आणि क्रीमची बाटली घेऊन आली. पाठीला हात पोचत नाही म्हणून तिनंच चोळून दिलं, अगदी पोळीला तूप लावावं तसं, आणि परत जाऊन आपलं शब्दकोडं धरलं.

हे त्यानं मला त्याच रात्री सांगितलं. म्हणाला, "जयंता, आई गेल्यापासून माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता रे."

त्यानंतर उन्हाळ्यातल्या प्रत्येक शनिवारी तो सायकल काढून तिकडे जायचा. तेवढे काही तास तो शर्टाच्या बाहेर जगायचा. परत आला की दोन दिवस बरा असायचा, बोलायचासुद्धा.

दोन हजार तीनचा उन्हाळा आठवतो? भट्टी नुसती. त्या उन्हाळ्यात आमच्या मंडळातलं एक कुटुंब सायकली घेऊन नदीकाठानं फिरायला गेलं आणि त्यांना त्या पाटीमागून उल्हास बाहेर येताना दिसला. केस ओले, खांद्यावर टॉवेल, शर्ट मात्र गळ्यापर्यंत बंद. त्यांनी "काय मोघे" म्हटलं. हा गोरामोरा झाला. झालं, सोमवारपर्यंत अख्ख्या गावात बभ्रा. बायकांनी त्याला घरी बोलावणं बंद केलं. माझी बायको विभावरीसुद्धा म्हणाली, "अहो, तुमच्या मित्राला आता आपल्याकडे नको." शपथ नसती तर तिथल्या तिथे बोललो असतो. दात आवळून गप्प बसलो.

आणि नेमकं तेव्हाच स्वरूपाचं स्थळ जमत आलं होतं. मुलगा मयुरेश, स्टुटगार्टला इंजिनिअर. शांत, देखणा, निर्व्यसनी. पत्रिका जुळली होती, फोनवर दोघांचं बोलणं झालं होतं, स्वरूपा हरखून गेली होती. त्याचे काका दीनानाथ, जर्मनीतच केस पिकलेले, आता चौकशीला म्हणून गणपतीत इंगोलश्टाटला आले. आपली चौकशी म्हणजे काय विचारता? पोलीस परवडले. आरतीनंतर ते उल्हासला आणि मला हॉलच्या मागच्या खोलीत घेऊन बसले. प्रसादाची वाटी बाजूला ठेवली आणि विचारलं, "मोघे, तुम्ही त्या तळ्यावर जाता असं ऐकलं. खरं?"

"हो," उल्हास म्हणाला.

"आल्झो, बरं तर," दीनानाथकाका म्हणाले. "आता स्पष्ट विचारतो, राग मानू नका. इकडे कातडीचे आजारी लोक ऊन घ्यायला तिथे जातात, हे मला माहीत आहे. तुम्ही भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं लावता. पूजेला बसत नाही म्हणतात. तुमच्या घराण्यात तसलं काही आहे का? कोडबिड?"

म्हातारा बरोबर जागेवर येऊन उभा राहिला होता. आता एवढंच करायचं बाकी होतं, की "शर्ट काढून दाखवा" म्हणायचं.

उल्हासनं वर बघितलं. आणि इतकी वर्षं ज्याच्या तोंडून वाकडा शब्द ऐकला नाही, तो माणूस निर्लज्जासारखा हसला. म्हणाला, "छे हो काका, कोड कसलं. बायका बघायला जातो. एकटा माणूस आहे. तिथे फुकट दिसतं सगळं."

दीनानाथकाकांनी प्रसादाची वाटी आणखी लांब सारली. मला वाटलं, उठून जाणार. मी तोंड उघडलं, तर उल्हासनं टेबलाखाली माझा पाय दाबला.

"ठीक," काका शेवटी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा चक्क सैल झाला. "पुरुषाचं बाहेरचं वागणं बाहेर राहतं. रक्तात काही नको, एवढंच माझं म्हणणं. पण आमच्या घरातही लेकीसुना आहेत. कन्यादान तुम्ही करायचं नाही. लग्नाला यायचं नाही, पुढे जाणंयेणं नाही. हे मान्य असेल तर मी होकार कळवतो."

"मान्य," उल्हास म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. बाहेर आल्यावर मी त्याला नको नको ते बोललो. तो म्हणाला, "बदनामी माझ्या एकट्याची आहे. कोड तिच्या माथी बसलं असतं."

लग्न मिरजेला झालं. आत्माराममामांनी कन्यादान केलं. नवऱ्याचा कान पिळायला भाऊ लागतो, तिथे कुणीतरी लांबचा चुलतभाऊ उभा केला. मुहूर्ताच्या वेळी उल्हास इथे स्वयंपाकघरात उभा होता, इस्त्री केलेला नवा शर्ट घालून. मुठीत अक्षता होत्या. घड्याळ बघून त्यानं त्या सिंकमध्येच टाकल्या. मी तिथेच होतो.

स्वरूपाला सासरी कारण कळलंच होतं. तिनं एकदाच फोन केला. "दादा, तू असा असशील असं वाटलं नव्हतं," म्हणाली. तो म्हणाला, "हं." मग ती स्टुटगार्टला आली. गाडीनं अडीच-तीन तासांची वाट. भाऊबीज आली आणि गेली, तिला मुलगा झाला, बारसं झालं. उल्हासला सगळं माझ्याकडून कळायचं, आणि मला मंडळाकडून. तळ्यावर जाणं त्यानं बंद केलं होतं. मी म्हणायचो, आता तर जा, आता काय झाकायचंय? तो म्हणायचा, "तिला मूल झालंय. ते पण आता मोठं होणार." घरात पडदे ओढून बसायचा. हळूहळू चट्टे मनगटापर्यंत आले, तसे त्यानं हातमोजे घालायला सुरुवात केली. लोक त्यालाही हसले.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत तो कामावर असतानाच गेला. हृदय. मी स्टुटगार्टला फोन केला. दीनानाथकाका म्हणाले, जाणं भाग आहे. मयुरेश आणि स्वरूपा आले.

इथे अंत्यविधीचं काम करणारे लोक घरच्यांना मृतदेहाला अंघोळ घालू देतात, आधी सांगितलं तर. पुरुषाला पुरुषांनी घालायची. म्हणून मी आणि मयुरेश आत गेलो. पांढऱ्या फरशीची खोली, मध्ये पोलादी टेबल, कोमट पाण्याची बादली आणि माझ्या घरून आणलेला तांब्या. मी चादर काढली. मयुरेशचा हात तांब्यासकट थांबला.

त्यानं तांब्या बादलीत ठेवला. मग म्हणाला, "हे कधीपासून?"

"तुमच्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून. बायकाबियका सगळं खोटं. म्हणून जायचा तळ्यावर."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" मी म्हणालो. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पोरगा प्रामाणिक. विचार केला आणि म्हणाला, "नाही म्हटलं असतं." मग त्यानं गुमान पाणी घातलं, अंग पुसलं, आणि नवी चादर गळ्यापर्यंत ओढून नीट खोचली. "जयंतराव, स्वरूपाला सांगू नका. पोराकडे बघून जन्मभर झुरत बसेल."

ती आत आली, दारापाशीच उभी राहिली. पुढे यायला तयार होईना. म्हणाली, "आईबाबांचं नाव मातीत घातलं यानं. तरी आले मी." एवढंच म्हणाली आणि वळली.

शपथ तो असेपर्यंतची होती. मी चादर धरली आणि कमरेपर्यंत खाली ओढली.

मिरजेच्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही. तिनं बघितलं, आणि सगळ्यांत आधी स्वतःच्या स्वेटरच्या बाह्या वर करून कोपरं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मग मयुरेशकडे, आणि त्यानं मान खाली घातली तेव्हा तिला उरलेलंही कळलं. ती टेबलापाशी आली, बादलीत तांब्या बुडवला आणि भावाच्या छातीवर पाणी ओतलं. मयुरेश म्हणाला, "अगं, अंघोळ झालीय." तिनं ऐकलं नाही. एकेका पांढऱ्या जागेवरून तळहात फिरवत राहिली. मी त्याला कुशीवर धरला, तिनं पाठ धुतली.

"जयंतदादा," ती वर न बघता म्हणाली, "तिथे तळ्यावर त्याला कुणी काही म्हणायचं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "तिथे कुणी बघायचंसुद्धा नाही."