अक्कांची सवत
भरिताची वांगी भाजताना कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा धूर नाकात गेला, की धुळ्याजवळच्या खेड्यातलं ते अंगण आठवतं. तिथल्या निवृत्त फौजी नानांनी लष्कराच्या लिलावातून जुनी जीप आणली होती, आणि दिवसभर ते तिच्यापाशीच असायचे. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, जीपचं नावच सवत ठेवलेलं. इंजिनाचा धूर बाहेर नेणारं तिचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, मॅनिफोल्ड तडकलं, तेव्हा मी गॅस वेल्डिंगचं सामान घेऊन गेलो. बीड तापवून जोडावं लागतं आणि सावकाश निवू द्यावं लागतं, नाहीतर पुन्हा तडकतं. म्हणून पऱ्हाट्यांच्या जाळात तापवून जोडलेलं मॅनिफोल्ड मी गरम राखेत पुरलं, आणि अक्कांनी सवयीने त्याच राखेत दुपारच्या भरिताची वांगी खुपसली. भूक लागली तसे नाना राख उकरायला आले. अक्कांनी त्यांच्या हातातली काठीच हिसकावली. “मनी सवत शे ती, पन तिले गार वारा लागू देवाव नही!” संध्याकाळी वांग्यांचा कोळसा निघाला, जोड मात्र शाबूत होता. आम्ही भाकरी ठेच्याशी खाल्ली. यंदा नाना गेले. जीपला चांगलं गिऱ्हाईक आलं म्हणून मी सांगायला गेलो, तर बॉनेटवरची धूळ पदराने पुसत अक्का म्हणाल्या, “सवतले कोनी इकस का रे भाऊ?”