कोरड्या पाइपातलं निळं पाणी

आधीच सांगून ठेवते — भूतबित, बाहेरचं-वरचं, यातलं मी कधी काही मानलं न्हाई. शेजारणी लिंबू उतरवून टाकायच्या तर मी हसायची. गेलेला माणूस अल्लाच्या हवाली झाला, तो कशाला परत येतोय... असं माझं म्हणणं. शाळेत मी गेले न्हाई, पेपर वाचून वाचून लिहायला शिकले. घरी आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत लिहून राहिले. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

भोकरजवळ आमची वस्ती हाय. वस्तीच्या मागं दगडाची खदान होती, आता बंद पडली. खदानीतून निघालेला नको तो मुरूम, चिखल, फुटका दगड एका बाजूला टाकून टाकून टेकडीएवढा ढिगारा झाला. पावसाळ्यात त्याचा गाळ आमच्या भिंतींपर्यंत यायचा. म्हणून खदानवाल्यानं ढिगाऱ्याला उतार काढून घेतला, वरून मातीचा थर दिला, गवत लावलं. ते काम केलं आमच्या शबानाच्या अब्बांनी, म्हणजे माझ्या मालकांनी. खलील मिस्त्री म्हणायचे त्यांना.

ते सांगायचे, "माती टाकायला काय लागतं? आत मुरलेल्या पाण्याला वाट दिली न्हाई तर माती जड होते, अन् पलंगावरून गोधडी घसरावी तशी सगळी खाली येते." म्हणून मातीच्या खाली खडीचा थर, अन् पायथ्याला चार पाइप. पाणी खडीतून उतरायचं, पाइपातून बाहेर पडायचं.

वाट मोकळी हाय का बघायला ते वर चढून ड्रममधलं पाणी ओतायचे. आपलं पाणी ओळखू यावं म्हणून त्यात कपड्याची नीळ. मी डबा घेऊन गेले की मला पायथ्याशी बसवायचे. निळं पाणी दिसलं की मी ओरडायची, "आलं ओ!" हाक ऐकली की ते ओतणं थांबवायचे, मग धार बारीक होत होत बंद पडायची.

"कोणत्यातून आलं?"

"तिसऱ्यातून!"

"नीट बघ! मागच्या वेळी झोपली होतीस!"

"तुम्ही लवकर ओता, मग न्हाई झोपत!"

सगळी वस्ती हसायची. खरं सांगू? एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांशी इतकं मोठ्यानं कधी बोललो नव्हतो.

चौथा पाइप मात्र कोरडाच. किती बी ओता, थेंब न्हाई. "आत कुठं तरी वाट अडलीय, पावसाच्या आधी खोलून बघतो," म्हणाले. अन् त्याच हिवाळ्यात त्यांचं हृदय बंद पडलं. पाइप तसाच राहिला.

मग मी रोज दुपारी तिथं जाऊन बसायला लागले. घरात ते कमीच बोलायचे. त्यांचा आवाज मला तिथंच आठवायचा.

माझी लेक शबाना औशाला दिलेली. ती फोनवर चिडायची, "अम्मी, लोक हसून राहिले! मेल्या माणसासाठी कुणी ढिगाऱ्याजवळ बसतं का?"

"कबरस्तानात बायकांना जाऊ देतात का? मग मी कुठं जाऊन बसू?"

यंदाच्या उन्हाळ्यात ती मला न्यायलाच आली. बॅग भरून झाली, सकाळी निघायचं ठरलं. दुपारी म्हटलं, एकदा बसून येते.

कडक ऊन. गवत वाळून गेलेलं, मातीला भेगा. मी नेहमीच्या जागी टेकले... अन् चौथ्या पाइपाच्या तोंडाशी काही चमकलं. पाणी! आधी गढूळ, मग निळं. चांगली धार लागली. हात घातला तर गार, अन् बोटं निळी.

भ्याले का? न्हाई. सवयीनं तोंडातून निघून गेलं — "आलं ओ! चौथ्यातून!"

वरून आवाज आला न्हाई. पण धार बारीक व्हायला लागली. बारीक होत होत बंद.

घरी शबानानं माझा हात बघितला. "अम्मी, नीळ कुठं सांडलीस?" मी सगळं सांगितलं. मग तिनं खदानीच्या गायकवाड सुपरवायझरला बोलावलं. त्यांनी वर जाऊन बघितलं. ड्रम पालथा, माती हातभर उकरली तरी कोरडीठाक.

"चाची, आत साचलेलं पाणी असेल. कुठून तरी वाट फुटली."

"अन् नीळ?"

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तेवढं मला नका विचारू."

पुढं पावसाळ्यात ढिगारा जागचा हलला न्हाई. चौथ्यातून बी पाणी येतं आता, पण साधं.

ते काय होतं, मला आजही कळलेलं न्हाई. तुमच्यापैकी कुणाला समजलं तर लिहा. मला सलतं ते वेगळंच. माझी हाक ऐकूनच जर ते थांबले असतील, तर मी एवढ्या घाईनं ओरडले कशाला? गप राहिले असते तर अजून थोडा वेळ ते वर असते...

औशाला मी गेले न्हाई. रोज दुपारी चौथ्या पाइपासमोर बसते. आता निळं पाणी आलं ना, तर हूं का चूं करणार न्हाई.