फरशीनं खाल्लेलं काम

अन्याय झाला तो उस्मानपुऱ्यातल्या आमच्या कॉलेजच्या शिपाई मावशींवर, बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दुपारी, आणि त्यात मीही सामील होतो. फिनेलचा वास आला की ते आठवतं. प्रयोगशाळा धुवायला त्यांनी एकटीनं सगळी बाकं ओढत बाहेर नेली, ओढतच परत आणली आणि बाळंतीण लेकीकडं कन्नडला जायला तासभर आधी सुट्टी मागितली. हेडक्लार्क म्हणाले, “बाकं तर जागच्या जागी आहेत, केलं काय तुम्ही?” मी वर्गात शिकलेल्या फिजिक्सचा शहाणपणा मिरवत ओरडलो, “जागा तीच, म्हणजे कार्य शून्य!” सगळे हसले. फिजिक्सचे सर मात्र हसले नाहीत. हातातलं पुस्तक उचलून त्यांनी परत खाली आणलं. “बाळा, गुरुत्वाकर्षण चढताना घेतलेलं उतरताना परत देतं. घर्षण जातानाही घेतं, येतानाही घेतं, परत काहीच देत नाही.” मावशी खांदा चोळत म्हणाल्या, “व्हय सर, फरशीनं लई खाल्लं माझं.” मग माझ्या पडलेल्या चेहऱ्याकडं बघून, “लेकरू हाय, ऱ्हाऊ द्या.” सरांनी हेडक्लार्कना न विचारता त्यांना एस.टी.कडं धाडलं. आज मी चौकाचौकात कष्टकऱ्यांच्या हक्कांची पत्रकं वाटतो, पण मावशींची माफी मागायची राहिलीच. तुमच्या ऑफिसातली झाडणारी बाई उद्या लवकर जाऊ का म्हणाली, तर केलं काय ते विचारू नका. जाऊ द्या तिला.