मी तपासलेला बोल्टांचा तक्ता

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर बोल्ट आवळायचा तक्ता लटकलाय, त्यातला आकडा न् आकडा मी स्वतः तपासलाय, आन् एकबी चुकीचा निघाला न्हाई. फकस्त मला अक्षरं वाचता येत न्हाईत.

आकडे येतात. ते मला पान्यांनी शिकवले. दहाचा, बाराचा, चौदाचा. शाळेनं काय शिकवायच्या आतच मी तिथून सटकलो. पर हे मांजरसुंब्यात कुनाला ठावं नव्हतं. कागद हातात आला की मी भुवया ताणायचो, बोट फिरवायचो आन् म्हनायचो, "हां, बरोबर हाय." लोकास्नी वाटायचं, गडी शिकलेला हाय.

उस्ताद म्हंजे आमचा गॅरेजमालक. त्यानं टॉर्कपाना आनला. पान्याला आकडा लावायचा, तेवढा जोर झाला की तो टक करतो, मग थांबायचं. कुठल्या बोल्टाला कितीचा जोर, ते कंपनीच्या पुस्तकात. पुस्तक गिरीस पिऊन पिऊन काळं पडलतं, म्हनून उस्तादानं बीडला तक्ता टाइप करून घेतला आन् माझ्या हातात दिला. म्हनला, "पुस्तकाशी ताडून बघ. बोल्ट चुकला की मानूस जातो."

तवाच सांगायचं व्हतं. मी भुवया ताणल्या.

जुना आकडा, नवा आकडा, जुना, नवा. वरून खालपर्यंत सगळे सारखे. तळाला एका नावापुढं जागा रिकामी दिसली. म्हनलं, त्या बोल्टाला जोर लागत नसंल.

दोन दिवसांनी उस्ताद पार्ट आनायला गेलता. गल्ल्यावर वैनी, उस्तादाची बायको. पालीचे एक मामा त्यांचा पांढरा पिकअप घेऊन आले. मेंढरं हायेत त्यांची, गाडीत दोन बोकड बांधलेले. म्होरच्या ब्रेकचं काम केलं आन् वैनीला इचारलं, "ब्रेकच्या कॅलिपरचा बोल्ट किती?"

वैनीनं चष्मा लावून तक्ता बघितला. "पस्तीस."

पस्तीसवर पाना लगीच टक. हात म्हनला, आरं, ढिला हाय. मी हाताला म्हनलं, गप, तक्ता आपन तपासलाय. मामा बोकडं इकायला चौसाळ्याला गेले.

मागून एका जीपचं आईल बदललं. "आईलच्या नटाला?"

"एकशे वीस."

लावला एकशे वीस. वढतोय, वढतोय, टक काय व्हईना. आन् एकदम नट मऊ पडला, नुसताच गरगर फिराया लागला. आटे गेले. मी इकडं तिकडं बघितलं, नटाला टेप गुंडाळली आन् गुमान परत बसवला. आमच्या धंद्यात असल्या टेपीखाली लई काय काय झाकलेलं असतंय.

मग हात धुताना आठवलं. एकशे वीस तर चाकाच्या नटाचा आकडा! रोजचा, पाठ झालेला. तो आईलच्या नटाला कसा आला? आन् मग आईलच्या नटाचा आकडा कुठं गेला?

साबन तसाच हाताला.

पळत वैनीकडं गेलो. "वैनी, पुस्तक आन् तक्ता, दोन्ही वाचा. नावं वाचा, नावं."

तिनं वाचलं. तक्त्यात नावांच्या वर एक मथळा जास्तीचा घातलाता, त्यानं सगळी नावं एक एक ओळ खाली सरकलीती, आकडे व्हते तिथंच. पस्तीस व्हते आईलच्या नटाचे, ब्रेकच्या बोल्टाला पायजे व्हते एकशे पाच.

"भावजी, तुमीच तपासलं न्हवं हे?"

"आकडे तपासले, वैनी."

तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं. पेन घेऊन माझ्या तळहातावर १०५ लिहिलं.

मामांना फोन लावला, उचलंनात. चौसाळ्याहून पालीला जायचं तर मांजरसुंब्यावरूनच, आन् फुडं घाट. दोन बोकडं, म्हातारा मानूस आन् पस्तीसवर आवळलेला ब्रेक. पाना, जॅक घेऊन चौकात उभा राह्यलो. उभा कसला, येरझाऱ्या घालत व्हतो. तंबाखू मळली आन् फेकून दिली. परत मळली. पांढरा पिकअप दिसला की आडवा जायचो. एकात कांदे निघाले. दुसऱ्याचा डायव्हर म्हनला, "मरायचं आसंल तर दुसऱ्याच्या गाडीखाली मर की बे!" घामानं तळहातावरचा पाच पुसत चालला, म्हनून एकशे पाच, एकशे पाच आसं पुटपुटत राह्यलो. मधीच वाटायचं, मामा कवाच गेले आसतील तर? घाटाच्या अंगानं कान लावायचो. अॅम्ब्युलन्सचा आवाज न्हाई ना येत?

आले. बोकडं तशीच मागं, गिऱ्हाईक न्हाई मिळालं.

"काय बे, पाना राह्यला का गाडीत?"

"न्हाई मामा. नवी पद्धत हाय. थोडी चालवून झाली की परत आवळायचं आसतंय."

चाक काढलं. एका बाजूचा बोल्ट कसाबसा धरून व्हता. दुसऱ्या बाजूच्याला मी बोट लावलं आन् तो बोटानं फिरला. मामा शेजारीच बसलेले. बोट बी बघितलं त्यांनी, माझं तोंड बी बघितलं.

सगळे बोल्ट एकशे पाचवर आवळले. टक. आसा आवाज मी जलमात ऐकला नव्हता. चाकं बसवली आन् तिथंच खाली बसून सगळं सांगून टाकलं. तक्ता, आकडे, रिकामी जागा, शाळा, जीपचा नट बी. थांबताच यीना.

मामांनी डोक्याचा पटका झटकला, गाडीत बसले, चावी लावली आन् खिडकीतनं म्हनले, "वाचता येत न्हाई येवढं म्हनायला घशात बोल्ट आडकलाता का बे?"